स्मृतिपृष्ठ-संरक्षण व आज्ञावलीतील दोषशोधन

संगणकाच्या मुख्य स्मृतीचे ठराविक आकारमानाचे जे भाग पाडतात त्यांस पृष्ठे म्हणतात. प्रत्येक पृष्ठावर वाचन, लेखन व आज्ञापालन यांपैकी कोणत्या क्रियेस मुभा आहे, हे यंत्ररचनेतच नोंदवून ठेवण्याच्या व्यवस्थेस स्मृतिपृष्ठ-संरक्षण असे नाव आहे. मुभा नसलेली क्रिया घडू लागताच प्रक्रियक ती आज्ञा तेथेच रोखतो व नियंत्रण परिचालन प्रणालीकडे सोपवितो. एकाच यंत्रावर एकाच काळी चालणाऱ्या अनेक आज्ञावलींचे एकमेकींपासून रक्षण व्हावे, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू होता. पुढे तिचा एक निराळा उपयोग पुढे आला. आज्ञावलीतील स्मृतिविषयक चूक जेथे घडते तेथेच आणि त्याच क्षणी पकडून देणारा साक्षीदार म्हणून आज्ञावलीकार तिच्याकडे पाहू लागले. या उपयोगाचा इतिहास म्हणजे पृष्ठाएवढ्या स्थूल मापाने बाइटएवढी सूक्ष्म चूक कशी पकडावी, या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास होय.

दोषांचे स्वरूप : सी व सी++ यांसारख्या भाषांत आज्ञावलीला काम चालू असताना स्मृतीचे लहानमोठे खंड मागून घेता येतात व काम संपल्यावर परत करता येतात. खंडाचा पत्ता ज्या चलात साठवितात त्यास पॉइंटर म्हणतात. या व्यवहारात तीन प्रकारच्या चुका वारंवार होतात : खंडाच्या सीमेपलीकडे लिहिणे वा वाचणे, परत केलेल्या खंडाचा पुन्हा वापर करणे आणि कोणताही खंड न दर्शविणाऱ्या शून्य पॉइंटराचा पत्ता म्हणून उपयोग करणे. यांपैकी पहिल्या दोन चुका घडताच बहुधा काहीच बिघडलेले दिसत नाही. शेजारच्या शेताचा बांध कोरला जावा आणि त्याचा सुगावा पुढच्या मोजणीच्या वेळी लागावा, तसा हा प्रकार असतो. शेजारील खंडातील एखादी संख्या बदलते, ती हजारो वा कोट्यवधी आज्ञांनंतर वापरली जाते आणि आज्ञावली भलत्याच ठिकाणी कोसळते. किंवा कोसळत नाही व चुकीचे उत्तर देते. दुसरा प्रकार अधिक घातक होय, कारण त्यात चूक झाल्याचे कोणासच कळत नाही. चूक व तिचे लक्षण यांमधील हे अंतर हीच दोषशोधनातील मुख्य अडचण आहे. पृष्ठ-संरक्षणाने हे अंतर नाहीसे करता येते.

पूर्वपीठिका : केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात असे नमूद केले आहे की, आपल्या उर्वरित आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार, याची जाणीव त्यांना त्याच वर्षी झाली. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल (१९२६–७५) यांनी १९५१ मध्ये एडसॅकवरील चुकांच्या निदानावर निबंध प्रसिद्ध केला. आज्ञावली थांबल्यावर स्मृतीतील मजकूर छापून घेणे आणि तपासनीस आज्ञावलीच्या देखरेखीखाली एकेक आज्ञा पार पाडून तिची नोंद छापणे, या पद्धती त्या काळी रूढ झाल्या. पहिलीत चुकीचे परिणाम दिसत पण क्षण दिसत नसे. दुसरीत क्षण दिसे, परंतु यंत्राचा वेग अतिशय मंदावे. एका वेळी एकच आज्ञावली चालत असल्याने स्मृतीला कुलूप लावण्याची गरज कोणास भासली नव्हती.

ॲटलास : ती गरज मँचेस्टर विद्यापीठ व फेरांटी कंपनी यांनी मिळून बांधलेल्या ॲटलास संगणकात उत्पन्न झाली. टॉम किलबर्न (१९२१–२००१) यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले हे यंत्र ७ डिसेंबर १९६२ रोजी कार्यान्वित झाले. त्याच्या चुंबकीय गाभ्यांच्या स्मृतीत १६,३८४ शब्द मावत. तिच्या जोडीला फिरत्या चुंबकीय पिंपांवर सु. ९८,००० शब्दांचा साठा होता. आज्ञावलीकाराला हे दोन्ही मिळून एकच सलग स्मृती भासावी, यासाठी स्मृतीची प्रत्येकी ५१२ शब्दांची पृष्ठे पाडण्यात आली. गाभ्यांच्या स्मृतीतील ३२ पृष्ठांसाठी ३२ पत्तानोंदक होते. मागितलेले पृष्ठ त्यांपैकी कोणत्याच नोंदकात न आढळल्यास आज्ञा स्थगित होई, पर्यवेक्षक आज्ञावली ते पृष्ठ पिंपावरून आणी आणि मग तीच आज्ञा पुन्हा सुरू होई.

प्रत्येक नोंदकास प्रवेशबंदीचा एक बिटही जोडलेला होता. चुंबकीय फीत वा पिंप यांच्याशी एखाद्या पृष्ठाची देवाणघेवाण चालू असता आज्ञावलीने त्यास हात लावू नये, म्हणून तो बिट चढविला जाई. पृष्ठ असूनही त्यास मज्जाव करणे आणि मज्जाव मोडू पाहणाऱ्या आज्ञेला अडवून वरिष्ठ आज्ञावलीपुढे उभे करणे, या दोन कल्पना येथे एकत्र आल्या. पुढील सर्व दोषशोधन-तंत्रे यांवरच आधारलेली आहेत.

कुलूप व किल्ली : आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या यंत्रमालेत निराळा मार्ग अवलंबिण्यात आला. तीत २,०४८ बाइटांच्या प्रत्येक ठोकळ्याला ४ बिटांचे कुलूप व चालू आज्ञावलीला ४ बिटांची किल्ली देण्याची सोय होती. दोन्ही जुळत नसतील तर लेखन नाकारले जाई. शून्य किल्लीला मात्र सर्व कुलुपे उघडत. अशा नकारामुळे आज्ञावली बंद पडली, तर परिचालन प्रणाली ०सी४ हा संकेतांक छापी. तो मोठ्या संगणकांवर काम करणाऱ्या आज्ञावलीकारांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या परिचयाचा झाला. चुकीच्या पत्त्याची सूचना यंत्राकडून आपोआप मिळण्याचे हे एक आरंभीचे व्यापक उदाहरण होय. परंतु चूक स्वतःच्याच ठोकळ्यांत घडली, तर किल्ली जुळत असल्याने यंत्र गप्प राही.

युनिक्स व शून्य पृष्ठ : संरक्षणाच्या अभावाचा अर्थ काय, हे युनिक्स प्रणालीच्या आरंभकाळावरून कळते. बेल प्रयोगशाळेत १९७० नंतर ती ज्या पीडीपी-११/२० या यंत्रावर चालत होती, त्यात स्मृति-संरक्षण नव्हते. एकाच्या नव्या आज्ञावलीतील चुकीमुळे सर्वांचे काम बुडण्याचा संभव असे. म्हणून ती चालविण्यापूर्वी खोलीतील सहकाऱ्यांना आवाज देऊन सावध करण्याचा प्रघात पडला होता. नंतरच्या पीडीपी-११/४५ मध्ये स्मृति-व्यवस्थापनाचे यांत्रिक साहाय्य मिळाले. बेकायदा पत्त्यास हात लावणाऱ्या आज्ञावलीला परिचालन प्रणाली ११ क्रमांकाचा संकेत पाठवू लागली व तिच्या स्मृतीची प्रत तबकडीवर उतरवून ठेवू लागली. ही प्रत दोषशोधक आज्ञावलीने उघडली असता कोणत्या आज्ञेवर अपघात झाला, हे थेट कळे. गाभ्यांची स्मृती केव्हाच इतिहासजमा झाली, तरी अशा प्रतीचे ‘कोअर’ हे नाव टिकून राहिले.

शून्य पॉइंटराची चूक पकडण्याचा उपायही याच सामग्रीतून निघाला. शून्य पत्त्यापासून सुरू होणारे पृष्ठ आज्ञावलीला मुळी द्यावयाचेच नाही, एवढाच तो उपाय होय. व्हॅक्स संगणकांवरील बर्कली युनिक्समध्ये हे पृष्ठ वाचता येत असे आणि शून्य पत्त्यावर शून्यच आढळे. परिणामी शून्य पॉइंटर वाचणाऱ्या सदोष आज्ञावली तेथे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालल्या. त्या सन कंपनीच्या यंत्रांवर नेताच पहिल्याच फटक्याला कोसळू लागल्या. नव्या यंत्राला नावे ठेवण्यात आली, पण वस्तुतः नवे यंत्र जुनी चूक दाखवीत होते. एमएस-डॉस प्रणालीत तर ८०८६ प्रक्रियकाला संरक्षणच ठाऊक नव्हते. महाराष्ट्रासह भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरात असलेला टर्बो सी हा संकलक आरंभीच्या काही बाइटांत बदल झाला आहे काय, हे आज्ञावली संपल्यावर पाही आणि झाला असल्यास ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ एवढेच कळवी. चूक झाली हे त्यावरून विद्यार्थ्याला समजे; कोठे झाली हे समजत नसे.

इंटेल कंपनीच्या १९८५ मधील ८०३८६ प्रक्रियकात ४,०९६ बाइटांच्या पृष्ठांची संरक्षणव्यवस्था आली व ती हळूहळू वैयक्तिक संगणकांतही पोहोचली. पृष्ठाची मुभा आज्ञावलीने स्वतःच बदलावी, यासाठी ‘एमप्रोटेक्ट’ हे आवाहन युनिक्समध्ये उपलब्ध झाले. सनच्या १९८८ मधील प्रणालीत ते प्रत्यक्ष कार्य करीत होते. यामुळे संरक्षणाची किल्ली परिचालन प्रणालीबरोबरच सामान्य आज्ञावलीकाराच्या हाती आली. प्रिन्स्टन विद्यापीठातील अँड्रू ॲपेल व काइ ली यांनी १९९१ मधील एका निबंधात अशा उपयोगांचे सर्वेक्षण केले. अडवणुकीची सूचना आज्ञावलीपर्यंत जलद पोहोचविण्याकडे अनेक परिचालन प्रणालींनी लक्ष दिलेले नाही, हेही त्यांनी मोजमापे देऊन दाखविले.

विजेचे कुंपण : या सोयीचा दोषशोधनासाठी केलेला सर्वांत परिचित उपयोग म्हणजे ब्रूस पेरेन्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेला ‘इलेक्ट्रिक फेन्स’ हा आज्ञासंग्रह होय. स्मृतिखंड देण्याघेण्याच्या नेहमीच्या आज्ञांच्या जागी तो स्वतःच्या आज्ञा बसवितो. आज्ञावलीने १०० बाइट मागितले, तर तो ४,०९६ बाइटांचे एक पूर्ण पृष्ठ घेतो व खंड त्याच्या अगदी शेवटी, म्हणजे ३,९९६ व्या स्थानापासून ठेवतो. लगतचे पृष्ठ पूर्णतः प्रवेशबंद असते. त्यामुळे १०१ व्या बाइटास हात लागताच प्रक्रियक आज्ञा रोखतो आणि दोषशोधक आज्ञावलीत चुकीची नेमकी ओळ दिसते. खंडाच्या अलीकडे होणारे अतिक्रमण पकडावयाचे असल्यास रक्षक पृष्ठ अगोदर ठेवून खंड त्याला लागून सुरू करता येतो. परत केलेल्या खंडाचे पृष्ठही प्रवेशबंद करून पुन्हा कोणासच न दिल्यास दुसऱ्या प्रकारची चूकही तत्काळ उघड होते.

या पद्धतीत तपासणीचे काम यंत्रच करीत असल्याने मूळ आज्ञावलीत एकही ओळ बदलावी लागत नाही. किंमत मात्र स्मृतीच्या रूपाने मोजावी लागते. १०० बाइटांचे १०,००० खंड एरव्ही सु. १० लाख बाइटांत मावतात. कुंपणासह त्यांना ४ कोटी ९ लाख ६० हजार बाइट प्रत्यक्ष स्मृती लागते. रक्षक पृष्ठांना खरी स्मृती लागत नाही, पण पत्ते लागतात. ३२ बिटांच्या पत्त्यांत एकूण सु. ४२९ कोटी बाइट बसतात; प्रत्येक खंडामागे दोन पृष्ठे धरली, तर सर्व पत्ते खर्ची घातले तरी ५,२४,२८८ पेक्षा अधिक खंड देता येत नाहीत. ६४ बिटांच्या प्रक्रियकांनी ही अडचण बरीच दूर केली. आणखी एक उणीव सूक्ष्म आहे. प्रक्रियकाच्या सोयीसाठी खंडाचा आरंभ ८ च्या पटीतील पत्त्यावर ठेवला, तर १०१ बाइटांच्या खंडानंतर ३ बाइटांची फट राहते व तेवढे अतिक्रमण सुटून जाते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीतील ‘पेजहीप’ ही सोयही याच तत्त्वावर चालते.

चलावर पहारा : एखादे चल नेमके कोण बदलते हे शोधण्यासाठीही पृष्ठ-संरक्षण वापरतात. दोषशोधक आज्ञावली ते चल ज्या पृष्ठावर आहे ते लेखनास बंद करते. लेखनाचा प्रत्येक प्रयत्न अडविला जातो आणि पत्ता चलाचा असेल, तर आज्ञावलीकाराला कळविले जाते. पत्ता दुसराच असेल, तर मुभा क्षणभर देऊन ती एकच आज्ञा पार पाडतात व बंदी पुन्हा घालतात. त्याच पृष्ठावर अन्य वर्दळीची चले असली, तर निरर्थक अडवणुकींनी आज्ञावली फार मंदावते. ८०३८६ मध्ये अशा पहाऱ्यासाठी खास नोंदक देण्यात आले, परंतु त्यांत एका वेळी चारच पत्ते ठेवता येतात. मोठ्या सारणीवर वा अनेक चलांवर नजर ठेवावयाची असल्यास पृष्ठाचा उपाय उरतोच.

पर्यायी पद्धती : पृष्ठाचे माप स्थूल असल्याने प्रत्येक वाचन-लेखन स्वतंत्रपणे तपासणाऱ्या पद्धती पुढे आल्या. रीड हेस्टिंग्ज व बॉब जॉइस यांनी १९९२ मध्ये वर्णिलेली ‘प्युरिफाय’ ही आज्ञावली संकलित आज्ञांतच तपासणीच्या आज्ञा घुसवीत असे. ज्यूलियन स्यूअर्ड यांची २००२ मधील ‘वॅलग्रिंड’ ही प्रणाली आज्ञावलीचे भाषांतर करीत करीत ती चालविते. परिणामी वेग अनेक पटींनी घटतो. गूगलमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ या पद्धतीत दर ८ बाइटांमागे १ बाइट नोंद ठेवतात व संकलकच तपासणीच्या आज्ञा निर्माण करतो. तिच्यामुळे लागणारा जादा वेळ त्यांनी सरासरी ७३ टक्के असल्याचे नोंदविले. ही नोंदवही चुकून कोणी वाचू नये, म्हणून तिच्याशी संबंधित पत्त्यांचा एक पट्टा पृष्ठ-संरक्षणानेच बंद केलेला असतो, हे लक्षणीय आहे.

सुरक्षिततेशी संबंध : या चुका केवळ आज्ञावलीकाराची डोकेदुखी नाहीत, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडण्यात आलेल्या मॉरिस ‘किड्या’ने दाखवून दिले. ५१२ बाइटांच्या जागेत अधिक मजकूर भरून त्याने व्हॅक्स संगणकांत शिरकाव केला. माहितीच्या पृष्ठावर आज्ञापालनास बंदी असती, तर घुसविलेल्या आज्ञा चालल्या नसत्या. तशी बंदी घालणारा बिट २००३ पासून एएमडीच्या ६४ बिटांच्या प्रक्रियकांत आला. शून्य पृष्ठाचेही तसेच झाले. २००९ च्या सुमारास लिनक्सच्या गाभ्यात शून्य पॉइंटराच्या ज्या त्रुटी उघडकीस आल्या, त्यांत आक्रमक ते पृष्ठ स्वतःच मागून घेऊन त्यावर आपल्या आज्ञा मांडून ठेवू शकत होता. त्यामुळे हे पृष्ठ सामान्य आज्ञावलीला न देणे हा सुरक्षिततेचा नियम होऊन बसला.

रक्षक पृष्ठे नेहमीच्या वापरातही ठेवावीत, असा विचार ओपनबीएसडी या प्रणालीने २००५ मध्ये स्मृतिवाटपात आणला. पण आज्ञावलीकारांनी वेगासाठी स्वतःचे वेगळे स्मृतिवाटप रचले, तर ही राखण निष्प्रभ होते. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ या त्रुटीत ओपनएसएसएल हा गुप्तलेखनाचा आज्ञासंग्रह खंडाच्या सीमेपलीकडील ६४ किलोबाइटांपर्यंतचा मजकूर परक्याला वाचून दाखवीत असे. परत आलेले खंड तो प्रणालीकडे न सोपविता स्वतःजवळच साठवून पुन्हा वापरी. त्यामुळे अशा चुका पकडू शकणाऱ्या यंत्रणा दुबळ्या ठरल्या, अशी टीका ओपनबीएसडीच्या प्रवर्तकांनी केली.

पुनरागमन : चाचणीत न सापडणाऱ्या चुका लक्षावधी वापरकर्त्यांच्या यंत्रांवर घडतात, पण तेथे प्रत्येक खंडाभोवती कुंपण घालणे परवडत नाही. यावर नमुना-तपासणीचा तोडगा निघाला. गूगलच्या क्रोम न्याहाळकात व अन्यत्र वापरलेल्या पद्धतीत हजारो खंडांपैकी एखादाच रक्षक पृष्ठांच्या मध्ये ठेवतात. लिनक्सच्या २०२१ मधील ५.१२ या आवृत्तीत ‘केफेन्स’ नावाने हीच सोय प्रणालीच्या गाभ्यासाठी आली; तिचे नाव पेरेन्स यांच्या कुंपणाची आठवण ठेवते. तीत मूळ मांडणीप्रमाणे २५५ खंडांची सोय असते व सर्व पृष्ठे मिळून केवळ २ मेगाबाइट स्मृती लागते. एका यंत्रावर चूक सापडण्याचा संभव अत्यल्प असला, तरी असंख्य यंत्रे मिळून ती सापडतेच.

दुसरा प्रवाह जुन्या कुलूप-किल्लीकडे परतला आहे. आर्म कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या रचनेत स्मृतीच्या दर १६ बाइटांस ४ बिटांची खूण असते व पॉइंटरातही तशीच खूण ठेवतात. दोन्ही न जुळल्यास आज्ञा रोखता येते. २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल ८ या दूरध्वनीत ती प्रत्यक्ष उपलब्ध झाली. सिस्टिम/३६० मधील कुलूपही ४ बिटांचेच होते. मात्र त्याचा ठोकळा १२८ पट मोठा होता आणि ते दोन आज्ञावलींना परस्परांपासून राखी. नवी खूण एकाच आज्ञावलीतील दोन खंडांना परस्परांपासून राखते.

चूक पकडणे म्हणजे चूक निस्तरणे नव्हे, ही या सर्व साधनांची समान मर्यादा आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीने नव्या माहितीसंचातील २० ऐवजी २१ वा घटक वाचण्याचा प्रयत्न केला आणि सीमेबाहेरील पत्त्यास हात लावला. संरक्षणव्यवस्थेने आज्ञा रोखली. परंतु चूक प्रणालीच्या गाभ्यातच असल्याने ती सावरणारे वर कोणी नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सु. ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली व जगभर विमानसेवा, रुग्णालये आणि बँका यांचे व्यवहार विस्कळीत झाले. गाभ्यातील सदोष आज्ञावली पुढे चालू देणे याहून धोक्याचे ठरते, म्हणून यंत्राने थांबणे योग्यच होते. मात्र ते थांबणे वापरकर्त्याच्या यंत्रावर घडण्यापूर्वी चाचणीच्या यंत्रावर घडावयास हवे होते. प्रवेशबंद पृष्ठ चुकीची जागा दाखवून देते. ती वेळीच दिसावी, यासाठी आज्ञावली लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्या पृष्ठांच्या पहाऱ्यात चालवून पाहणे, हे आज्ञावलीकाराचे काम होय.